कळमेश्वरचा उन्हाळा, जमिनीतला गारवा आणि सरकारी मदत

कळमेश्वर हे नागपूर जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. नागपूरच्या वायव्येला वीसेक किलोमीटरवर, नागपूर–इटारसी रेल्वेमार्गावर ते वसले आहे. भोवती काळी जमीन, कापूस आणि संत्र्यांच्या बागा, एका अंगाला औद्योगिक वसाहत आणि जवळच विठ्ठलाच्या यात्रेसाठी विदर्भभर ठाऊक असलेले धापेवाडा. या भागात मे महिन्यातले सरासरी कमाल तापमान ४२ ते ४३ अंश सेल्सियस असते. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या नऊ तप्त दिवसांत पारा ४५ च्याही वर जातो. नागपूरच्या वेधशाळेने २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदवले, आणि त्याच वेधशाळेत २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला. हवेचा हा चढउतार जमिनीत मात्र फार खोल जात नाही. दोन पुरुष खोलीवर मातीचे तापमान वर्षभर जवळपास सारखे, म्हणजे त्या ठिकाणच्या वार्षिक सरासरीइतके असते. नागपूर परिसरात ते २७ अंशांच्या आसपास येते. विहिरीचे पाणी उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात कोमट लागते, त्याचे कारण हेच.

जमिनीच्या या स्थिर तापमानाचा उपयोग करून घर गार किंवा उबदार ठेवणे म्हणजे भूऔष्णिक वातानुकूलन. त्याचे यंत्र नवे असले तरी कळमेश्वर परिसरातल्या घरांना जमिनीचा आधार जुनाच आहे. हा आधार कसा सुटत गेला आणि त्यात सरकारी पैशाचा व सरकारी नियमांचा वाटा किती, हे दीडशे वर्षांच्या क्रमाने पाहता येते.

पांढरीची घरे

काळ्या जमिनीच्या मुलखात घराच्या भिंती काळ्या मातीच्या कधीच नव्हत्या. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. म्हणून गावठाणातली पांढरी माती तुडवून, तिच्यात भुसा, काडीकचरा मिसळून दीड-दोन फूट जाडीच्या भिंती उभारल्या जात. वर सागवानी किंवा बांबूचा सांगाडा आणि त्यावर कवेलू, म्हणजे मातीची कौले. इतक्या जाड भिंतीतून दुपारची उष्णता आत पोहोचायला दहा-बारा तास लागतात. ती आत येते तेव्हा बाहेर रात्र झालेली असते आणि घराची दारे उघडी असतात. कवेलूंच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. शेणाने सारवलेली भुई थेट जमिनीला जोडलेली असल्यामुळे घराचा तळ दिवसभर उष्णता खाली देत राहतो.

जमिनीशी असलेले हे नाते घरापुरते नव्हते. धान्य पेवात, म्हणजे जमिनीत खणलेल्या आणि आतून लिंपलेल्या खड्ड्यात ठेवत. नागपूर जिल्ह्यातले कोष्टी विणकर खड्ड्याच्या मागावर बसत. माग जमिनीच्या पातळीवर आणि विणकराचे पाय खाली खड्ड्यात अशी ती रचना होती. खड्ड्यातल्या ओलसर गारव्याने सुताला तुटू न देणारा दमटपणा मिळे आणि विणणाऱ्याच्या अंगालाही उन्हाळा सोसवत असे. अंगणात मांडव, दारात सडा, ओसरीत रांजण आणि दुपारी बंद खिडक्या, एवढ्यावर उन्हाळा निघत असे. या व्यवस्थेला सरकारी मदत नव्हती आणि तिची गरजही नव्हती. माती गावची, बांबू जवळच्या जंगलातला आणि कवेलू गावच्या कुंभाराचे.

वाळ्याच्या ताट्या आणि पचमढीची वाट

इंग्रजी राजवटीत १८६१ साली मध्य प्रांत स्थापन झाला आणि नागपूर त्याची राजधानी झाले. उन्हाळ्याच्या प्रश्नाला या सरकारने दोन उत्तरे काढली. एक म्हणजे कार्यालये आणि बंगल्यांच्या दाराखिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर सतत पाणी मारायचे. वाळा म्हणजे एका सुगंधी गवताची मुळे. कोरडा वारा या ओल्या मुळांतून आत आला की पाण्याची वाफ होते आणि हवेतली उष्णता त्यात खर्च होते. ताट्या भिजवण्यासाठी आणि छताचा पंखा दोरीने ओढण्यासाठी माणसे ठेवली जात. दुसरे उत्तर म्हणजे सरकारनेच उठून थंड हवेच्या ठिकाणी जाणे. मध्य प्रांताचे सरकार उन्हाळ्यात सातपुड्यातल्या पचमढीला मुक्काम हलवत असे. वऱ्हाडातल्या साहेबलोकांसाठी चिखलदरा होते.

घर थंड ठेवण्यावर या प्रदेशात झालेला पहिला सरकारी खर्च असा होता. तो अधिकाऱ्यांच्या बंगल्यांवर आणि प्रवासावर झाला. रयतेच्या घराशी त्याचा संबंध आला नाही. पुढे १९५३ च्या नागपूर करारानुसार विदर्भ महाराष्ट्रात आला आणि १९६० पासून विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरात भरू लागले. ते भरते हिवाळ्यात. विदर्भाच्या उन्हाळ्याची सरकारी दखल घेतली गेली ती प्रामुख्याने वेळापत्रकांत: सकाळच्या शाळा, सकाळची कचेरी, आणि उर्वरित राज्यात जूनच्या मध्यात उघडणाऱ्या शाळा विदर्भात जूनच्या अखेरीस उघडण्याची प्रथा.

सेवाग्रामची कुटी आणि मातीचे प्रयोग

मातीच्या घराची विचारपूर्वक बाजू मांडली गेली ती शेजारच्या वर्धा जिल्ह्यात. महात्मा गांधी १९३६ साली सेवाग्रामला राहायला गेले. आपले घर जवळपास मिळणाऱ्या साहित्यातून, गावच्या कारागिरांकडून आणि पाचशे रुपयांच्या आत बांधले जावे, अशी त्यांची अट होती. माती, बांबू आणि कवेलूंच्या त्या कुट्या आजही उभ्या आहेत आणि मे महिन्यातल्या दुपारी आतबाहेरचा फरक तिथे कोणालाही जाणवतो.

याच परंपरेत १९७६ साली डॉ. देवेंद्रकुमार यांनी वर्ध्याला ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र सुरू केले. मातीच्या भिंती पाण्याने झिजू नयेत, छपर स्वस्त आणि टिकाऊ व्हावे, यासाठी तिथे प्रयोग झाले. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनेही पावसाने न धुपणारा मातीचा गिलावा तयार केला. म्हणजे मातीचे घर सुधारण्याचे ज्ञान देशात होते, आणि त्यातले काही कळमेश्वरपासून शंभर किलोमीटरच्या आत होते. उणीव होती ती हे ज्ञान घरकुलाच्या अंदाजपत्रकात नेणाऱ्या सरकारी निर्णयाची.

वीज, पंखा आणि कूलर

कोराडीचे औष्णिक वीज केंद्र १९७४ साली सुरू झाले आणि पुढे खापरखेड्याचे आजचे केंद्र. दोन्ही कळमेश्वरच्या शेजारच्या पट्ट्यात. १९६० ते १९९० या काळात राज्य वीज मंडळाने गावोगावी तारा नेल्या. घराच्या गारव्याला सर्वसामान्यांपर्यंत पोहोचलेली ही पहिली सरकारी मदत. घरगुती वापराची पहिली काही युनिटे स्वस्त ठेवल्यामुळे छताचा पंखा गरिबाघरीही आला.

पंख्यापाठोपाठ कूलर आला. लोखंडी पत्र्याची पेटी, तिच्या तीन बाजूंना वाळ्याच्या किंवा लाकडी तंतूंच्या ताट्या, तळाला पाण्याची टाकी, छोटा टुल्लू पंप आणि चौथ्या बाजूला पंखा. वाळ्याच्या ताटीचेच हे विजेवर चालणारे रूप. नागपूर परिसरात ते घरोघरी बसले, कारण इथला मे महिना कोरडा असतो आणि पाण्याची वाफ झपाट्याने होते. मार्च लागला की ताट्या बदलण्याची लगबग बाजारात दिसते.

कूलरच्या मर्यादाही याच हवामानाने ठरवल्या. पाऊस सुरू झाला की हवा दमट होते आणि कूलर गारव्याऐवजी चिकचिक देतो. त्याला रोज बादल्यांनी पाणी लागते, तेही पाणीटंचाईच्या महिन्यांत. टाकीत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात, म्हणून नागपूर महापालिकेची पथके घरोघरी कूलर तपासत फिरतात. ज्यांना परवडले ते एसीकडे वळले. एसी खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. बाहेरची हवा ४५ अंशांवर असताना ते काम सर्वांत कठीण होते आणि नेमक्या त्याच वेळी विजेची मागणीही शिखरावर असते.

घरकुल आणि सिमेंटचा स्लॅब

इंदिरा आवास योजना १९८५ साली सुरू झाली. तिच्या जागी २०१६ साली प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) आली. तिच्यात सपाटीच्या भागात घरामागे १ लाख २० हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटर क्षेत्र असे प्रमाण ठरले. या योजनांनी लाखो कुटुंबांना गळक्या छपरातून बाहेर काढले, साप-विंचवांची भीती कमी केली आणि घराची मालकी नावावर आणली. हे यश मोठे आहे आणि ते कमी लेखता येत नाही.

मात्र सरकारी गणनांत न भाजलेल्या मातीची भिंत कच्च्या घरात मोडते आणि विटा-सिमेंटची भिंत पक्क्या घरात. अनुदान पक्क्या घराला. त्यामुळे दीड-दोन फुटी भिंत पाडून तिच्या जागी नऊ इंची किंवा त्याहून पातळ भिंत आणि वर चार-पाच इंची स्लॅब किंवा टिनपत्रा आला. स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता रात्री आत सोडतो. कवेलूंच्या फटी नसल्यामुळे गरम हवेला वाट राहत नाही. फरशीखालचा भराव घराला जमिनीपासून थोडा वेगळा करतो. उन्हाळ्यात लोक स्लॅबवर पाणी मारतात, हिरवी जाळी बांधतात, गच्चीवर झोपतात. घर पक्के झाले आणि कूलर अपरिहार्य झाला. केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाने आयआयटी दिल्लीसारख्या संस्थांच्या मदतीने स्थानिक साहित्यावर आधारलेल्या घरांचे नमुने ‘पहल’ या संकलनात प्रसिद्ध केले, पण कंत्राटदार, गवंडी आणि लाभार्थी यांच्या सवयी तोवर सिमेंटला बांधल्या गेल्या होत्या.

उष्ण झऱ्यांची मोजणी

जमिनीतल्या उष्णतेकडे सरकारने पाहिले ते वेगळ्या वाटेने. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे पहिले प्रमुख थॉमस ओल्डहॅम यांनी देशातल्या सुमारे तीनशे उष्ण झऱ्यांची यादी तयार केली. त्यांच्या निधनानंतर, १८८२ साली ती प्रसिद्ध झाली. महाराष्ट्रातले बहुतेक झरे कोकणात आहेत: वज्रेश्वरी, गणेशपुरी, अकलोली, उन्हवरे, तुरळ, राजापूर. खानदेशात उनपदेव आहे आणि पैनगंगेकाठी किनवट तालुक्यात उनकेश्वर.

केंद्र सरकारने १९६० च्या दशकात उष्ण झऱ्यांसाठी समिती नेमली आणि १९७० च्या दशकात लडाखमधल्या पुगा खोऱ्यात ३४ विंधनविवरे घेतली गेली. त्यातले सर्वांत खोल ३८४.७ मीटर होते. हिमाचलातल्या मणिकरणला पाच किलोवॅटचे प्रायोगिक वीज संयंत्र आणि शीतगृह उभे राहिले. त्यानंतर कित्येक वर्षे हे काम फारसे पुढे गेले नाही. २०२१ साली ओएनजीसीने लडाख प्रशासनाशी करार केला आणि पुढे पुग्यात पुन्हा खोदाई हाती घेतली.

या सर्व प्रयत्नांत लक्ष होते ते वीजनिर्मितीवर, म्हणजे शंभर-दोनशे अंशांच्या शोधावर. नागपुरात सेमिनरी हिल्सवर भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य विभागीय मुख्यालय आहे, तरीही कळमेश्वरसारख्या झरे नसलेल्या गावाला या कार्यक्रमात जागा नव्हती. २७ अंशांची जमीन हीसुद्धा ऊर्जेची संपत्ती आहे, हा विचार भारतीय धोरणात फार उशिरा आला.

परदेशांतला अनुभव

जमिनीशी उष्णतेची देवघेव करणाऱ्या पंपाची कल्पना जुनी आहे. लॉर्ड केल्विन यांनी १८५२ साली उष्णता पंपाचे तत्त्व मांडले. हाइनरिक झोली या स्विस अभियंत्याने १९१२ साली त्यासाठी जमिनीचा उपयोग करण्याचे पेटंट घेतले. अमेरिकेत पोर्टलंडच्या कॉमनवेल्थ बिल्डिंगमध्ये १९४८ साली भूजलावर चालणारी अशी यंत्रणा बसली. बोअरमध्ये बंद नळीचे वेटोळे सोडून त्यातून पाणी फिरवायचे, उन्हाळ्यात घरातली उष्णता जमिनीला द्यायची आणि हिवाळ्यात जमिनीकडून परत घ्यायची, असे तिचे आजचे रूप आहे.

यंत्र चांगले असूनही खोदाईचा आरंभीचा खर्च मोठा असल्यामुळे सरकारी मदतीशिवाय ते फारसे पसरले नाही. १९७० च्या दशकातल्या तेलसंकटानंतर स्वीडनने या पंपांना पाठबळ दिले आणि तिथे लाखो घरांनी ते बसवले. अमेरिकेने २००९ पासून खर्चाच्या ३० टक्के करसवलत दिली. ती २०१६ अखेर बंद पडली, २०१८ साली पुन्हा सुरू झाली, २०२२ च्या कायद्याने २०३२ पर्यंत वाढवली गेली आणि २०२५ च्या कायद्याने त्या वर्षाअखेर घरांसाठी संपवण्यात आली. ब्रिटनमध्ये २०२२ साली सुरू झालेल्या योजनेतले अनुदान २०२३ मध्ये ७,५०० पौंडांवर नेण्यात आले. या इतिहासातून एक धडा मिळतो: सवलत दर काही वर्षांनी हलत राहिली की खोदणारे, बसवणारे आणि घरमालक यांपैकी कोणालाच पुढचा हिशेब करता येत नाही.

भारतीय धोरणाची वळणे

भारतात इमारतींच्या ऊर्जावापराला २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याने चौकट मिळाली. २००६ पासून उपकरणांवर ऊर्जाबचत दाखवणारे तारे आले आणि २०१० पासून खोलीच्या एसीला ते बंधनकारक झाले. घरांसाठीची इको निवास संहिता २०१८ साली आली. तिच्यात भिंत आणि छपरातून किती उष्णता आत यावी याच्या मर्यादा आहेत. मार्च २०१९ मधल्या भारत शीतकरण कृती आराखड्याने २०३७-३८ पर्यंत शीतकरणाची मागणी २० ते २५ टक्क्यांनी कमी करण्याचे लक्ष्य ठेवले. महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत हरित इमारतींना जादा चटईक्षेत्राची सवलत आहे. ती मोठ्या बांधकामांच्या कामी येते, गावातल्या दोन खोल्यांच्या घराला तिचा लाभ होत नाही. नागपूर शहराने २०१६ साली उष्णता कृती आराखडा स्वीकारला. इशारे, पाणपोया आणि दवाखान्यांची तयारी यांवर त्याचा भर आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली. तीन किलोवॅटच्या छतावरील सौर यंत्रणेला ७८ हजार रुपये अनुदान ठरले. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने राष्ट्रीय भूऔष्णिक ऊर्जा धोरण जाहीर केले. त्यात विजेबरोबरच इमारती गरम-थंड ठेवणाऱ्या भू-स्रोत उष्णता पंपांना प्रथमच स्पष्ट स्थान मिळाले. त्याच महिन्यात एसीवरचा वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. म्हणजे छतावरच्या सूर्याला थेट अनुदान, हवेत उष्णता टाकणाऱ्या यंत्राला करकपात आणि जमिनीतल्या गारव्याला धोरणात उल्लेख, असा आजचा क्रम आहे.

कळमेश्वरच्या जमिनीत काय शक्य आहे

हा तालुका दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पूर्व कडेशी आहे. वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली बेसॉल्ट. याचे परिणाम प्रत्यक्ष आहेत. काळ्या मातीत आडव्या नळ्या पुरल्या तर उन्हाळ्यात माती भेगाळून नळीपासून सुटते आणि उष्णतेची देवघेव नेमकी हवी तेव्हा मंदावते. म्हणून नळ्या मुरमात किंवा उभ्या बोअरमध्ये असाव्या लागतात. बोअर मारण्याचे कसब संत्रापट्ट्यात घराघराला ठाऊक आहे. बागायतदारांनी पाण्यासाठी शेकडो फूट खडक भेदला आहे.

परदेशात एक टन शीतकरणाच्या क्षमतेसाठी दीडशे ते अडीचशे फूट बोअर धरतात. २७ अंशांच्या उबदार जमिनीत ही लांबी वाढते. महाराष्ट्राचा भूजल अधिनियम २००९ साठ मीटरपेक्षा खोल विहिरीला खोल विहीर मानून तिच्यावर निर्बंध घालतो. हा कायदा पाणी उपसणाऱ्या विहिरींसाठी लिहिला गेला. पाण्याचा थेंबही न उपसणाऱ्या बंद नळीच्या बोअरसाठी वेगळी आणि सोपी परवानगी ठरवणे ही अनुदानाच्याही आधीची मदत ठरेल.

दुसरी अडचण हवामानाची आहे. स्वीडनमधले घर जमिनीकडून उष्णता घेते आणि उन्हाळ्यात सूर्य ती भरून काढतो. कळमेश्वरला हिवाळ्यात घर तापवण्याची गरज नगण्य आहे. वर्षानुवर्षे जमिनीला फक्त उष्णताच देत गेल्यास बोअरभोवतीचा खडक हळूहळू तापतो आणि यंत्रणेची क्षमता घटते. त्यावर उपाय आहेत. बोअरमध्ये अंतर ठेवणे, हिवाळ्याच्या रात्री थंड हवेच्या मदतीने पाणी गार करून जमीन निववणे, आणि मुळात घरात येणारी उष्णता कमी करणे.

या यंत्राहून साधा मार्ग भूनलिकेचा आहे. हवा जमिनीखालच्या नळीतून फिरवून आत आणायची. गुरुग्रामजवळ ग्वाल पहाडी येथे ‘टेरी’ संस्थेच्या प्रशिक्षण संकुलात चार मीटर खोलीवर सत्तर मीटर लांबीच्या अशा चार नळ्या घातल्या आहेत. कळमेश्वरच्या मे महिन्यात अशा नळीतून आलेली हवा तिशीच्या थोडी इकडेतिकडे असेल. तिला पाणी लागत नाही आणि पंख्यापुरती वीज पुरते. शाळा, ग्रामीण रुग्णालय, पंचायत समिती, अंगणवाडी अशा भोवती मोकळी जागा असलेल्या इमारतींना ती परवडते. एकट्या घराला नळी किंवा बोअरचा खर्च जड जातो, पण घरकुलांच्या एका वस्तीला सामायिक नळीजाळे घातले तर तो विभागला जातो.

दीडशे वर्षांच्या या वाटचालीचा निष्कर्ष असा आहे की सरकारी मदत विदर्भात नेहमी वरच्या हवेशी झुंजण्यावर खर्च झाली आणि पायाखालच्या जमिनीकडे तिने पाठ फिरवली. २०२५ च्या धोरणाने पहिल्यांदा दार उघडले आहे. कळमेश्वरसाठी त्याचा योग्य क्रम स्पष्ट आहे. आधी घरकुलाच्या अनुदानात जाड भिंत, सावलीचे छपर आणि सुधारित मातीकाम यांना मान्यता, मग सार्वजनिक इमारतींत भूनलिका, आणि त्यांच्या मोजणीतून आकडे हाती आल्यावर घरगुती उष्णता पंपांना निदान दहा वर्षे न बदलणारे अनुदान. गरिबाच्या घरातला गारवा ही विदर्भात चैनीची बाब नाही, ती आरोग्याची गरज आहे, आणि धोरण आखताना तिला पिण्याच्या पाण्याइतकेच महत्त्व मिळायला हवे.